पश्चिमेच्या खिडकीचं पॅरामेट्रिक लूव्हर: ग्रासहॉपरपासून सीएनसी राऊटरपर्यंत

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, गाव कुठलंही घ्या, पश्चिमेकडच्या खोलीत मे महिन्यात दुपारी तीननंतर बसवत नाही. खिडकीवर छज्जा असतो, पण पश्चिमेला त्याचा उपयोग थोडाच. मेच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता जळगावात सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंशांवर असतो. अशा वेळी ६०० मिमीचा छज्जा खिडकीचा वरचा ३०० मिमी भाग झाकतो आणि खालचं सगळं ऊन थेट पलंगावर येतं. हे ऊन अडवायला आडव्या, कललेल्या पट्ट्या लागतात, म्हणजे लूव्हर.

पॅरामेट्रिक मॉडेलिंग शिकायला हा विषय निवडण्यामागे कारण आहे. नवखी मुलं ग्रासहॉपर (आकडे आणि सूत्रं जोडून थ्रीडी आकार काढायचं साधन) उघडतात आणि पहिल्याच दिवशी लाटांसारखी छतं, वळलेले मनोरे काढायला बसतात. स्क्रीनवर ते छान दिसतं, पण त्यातला एकही आकडा कशाला बांधलेला नसतो, म्हणून त्यातून शिकायला काही मिळत नाही. लूव्हरमध्ये प्रत्येक आकडा कशाला तरी बांधलेला आहे: उन्हाला, बसलेल्या माणसाच्या नजरेला, प्लायच्या जाडीला, सीएनसी राऊटरच्या (संगणकावरच्या फाईलप्रमाणे फिरत्या बिटानं प्लाय कापणाऱ्या यंत्राच्या) बिटाला. आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप बदललं पाहिजे. पॅरामेट्रिक म्हणतात ते एवढंच.

साधन म्हणून इथे रायनो हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यातलं ग्रासहॉपर धरलं आहे. ग्रासहॉपर २०१८ च्या रायनो ६ पासून रायनोसोबतच येतं, वेगळं टाकावं लागत नाही. रायनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस पूर्ण क्षमतेनं चालते, आणि हा प्रकल्प शिकून पुरा करायला तेवढा वेळ भरपूर आहे. पैसे घालायचेच नसतील तर फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्प्रेडशीटला मापं बांधूनही हेच करता येतं. खालचं गणित दोन्हीकडे तेच राहतं.

उदाहरणाची खिडकी अशी: तोंड बरोबर पश्चिमेला, रुंदी १७०० मिमी, जमिनीपासून ९०० वर सिल (खिडकीची खालची कड), २१०० वर लिंटेल (वरची तुळई). झडपा सरकत्या असाव्यात किंवा आत उघडणाऱ्या. बाहेर उघडणारी झडप असेल तर आधी ती बदला, नाहीतर लूव्हर लागल्यावर खिडकी उघडणारच नाही. ही गोष्ट बसवायच्या दिवशी लक्षात आली तर सगळं काम वाया जातं.

आधी तीन मापं

पहिलं माप दिशेचं. मोबाईलचं होकायंत्र भिंतीजवळ धरू नका. खिडकीची ग्रील आणि स्लॅबमधली सळई काटा दहा-पंधरा अंश सहज फिरवते. उपग्रह नकाशावर घर शोधा, भिंतीची रेष पकडा आणि तिचा उत्तरेशी कोन मोजा. ही पद्धत जास्त भरवशाची आहे.

दुसरं माप उन्हाचं. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.५६ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंशांच्या रेखांशावर लावलेलं, त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २८ मिनिटं मागे चालतो. मेमध्ये माथ्यावरचा सूर्य १२ ला नाही, १२ वाजून २४-२५ मिनिटांनी येतो. २५ मेच्या सुमारास जळगावात शून्य सावली असते ती याच वेळी. हे २८ मिनिटं विसरलात तर संध्याकाळच्या कोनात सहा-सात अंशांची चूक होते, आणि लूव्हरमध्ये तेवढी चूक फार मोठी.

लेडीबग हे ग्रासहॉपरचं मोफत प्लगइन सूर्याची जागा काढून देतं. त्यात ठिकाण भरताना टाइम झोन ५.५ लिहा. घड्याळाच्या सवयीनं ५.३ लिहिलं जातं आणि उत्तर गुपचूप चुकतं, कुठेही लाल खूण येत नाही. नुसत्या कोनांसाठी अक्षांश, रेखांश आणि टाइम झोन पुरेत. हवामानाची फाईल लागते ती उष्णतेच्या अभ्यासाला.

आपल्याला हवा तो प्रोफाईल कोन, म्हणजे भिंतीला काटकोनात छेद घेतला तर त्यात ऊन ज्या उतारानं दिसेल तो. प्रोफाईल कोनाचा टॅन = सूर्याच्या उंचीचा टॅन ÷ (सूर्याची दिशा आणि भिंतीचं तोंड यांतल्या फरकाचा कॉस). मेच्या मध्यावर, बरोबर पश्चिमेच्या भिंतीसाठी हा कोन तीन वाजता सुमारे ५३.५, चार वाजता ४०, पाच वाजता २६.२ आणि सहा वाजता १२.६ अंश येतो.

इथे निर्णय घ्यावा लागतो: कुठपर्यंतचं ऊन अडवायचं? आमचं मत पाच वाजेपर्यंतचं. सहाचं अडवायला गेलात तर पट्ट्या जवळजवळ दीडपट रुंद कराव्या लागतात, खोलीत अंधार येतो आणि बाहेरचं काही दिसत नाही. पाचनंतरचं ऊन समोरचं घर किंवा कडुनिंब बहुधा अडवतो, ते जागेवर जाऊन पाहा. आणखी एक लक्षात ठेवा: मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पाच वाजताचा प्रोफाईल कोन २२ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे मेपेक्षा कमी. त्या दिवसांत पाचच्या थोडं आधीपासूनच ऊन आत यायला लागेल. ते चालत नसेल तर २६.२ ऐवजी २२ धरा.

तिसरं माप मालाचं. बाहेरच्या कामाला आयएस ७१० ची मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ ची प्लाय आतल्या फर्निचरला ठीक, पावसात तिचे थर सुटतात. एमडीएफ तर नकोच. शीट ८ बाय ४, म्हणजे २४४० × १२२० मिमी, दोन लागतील. दुकानात '१८ मिमी' म्हणून मिळणारी शीट व्हर्नियरनं मोजा: चार कोपरे आणि लांबीच्या मधोमध. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असतेच. जो सगळ्यात मोठा आकडा येईल तो मॉडेलमध्ये जाणार.

सूत्र

पट्टीची आतली कड वर, बाहेरची कड खाली. त्यामुळे पावसाचं पाणीही बाहेर पडतं. सगळ्या पट्ट्यांच्या आतल्या कडा एका उभ्या रेषेत, एकीखाली एक, ठरलेल्या अंतरावर. वरच्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला घासून आलेला किरण खालच्या पट्टीच्या आतल्या कडेच्या वर निसटू नये, एवढीच अट. कागदावर दोन पट्ट्या काढून ती मांडलीत तर हे मिळतं:

रुंदी = अंतर ÷ (साइन(कल) + कॉस(कल) × टॅन(प्रोफाईल कोन))

अंतर १०० मिमी आणि कोन २६.२ धरला तर १० अंश कललेल्या पट्टीला १५२ मिमी रुंदी लागते, ३० अंशांच्या पट्टीला १०८, ४५ अंशांच्या पट्टीला ९५. कल जास्त असला की माल कमी लागतो, पण बाहेर दिसतं कमी. कल कमी असला की दिसतं छान, पण पट्टी रुंद होते. (सहा वाजताचा कोन धरला तर त्याच १० अंशांच्या पट्टीची रुंदी २५४ होते. वर सांगितलेला निर्णय का घ्यायचा ते यावरून कळेल.)

सगळ्या पट्ट्यांना एकच कल द्यायची गरज नाही, आणि पॅरामेट्रिकचा खरा फायदा इथेच आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १२०० मिमीवर असते. त्या उंचीवरची पट्टी १० अंशांची ठेवू. तिथून वर किंवा खाली जाताना दर १०० मिमीला कल ७ अंशांनी वाढू दे, ५०० मिमीवर तो ४५ होऊन तिथेच थांबेल. प्रत्येक पट्टीची रुंदी सूत्र काढेल. ऊन पाचपर्यंत कुठूनच येणार नाही आणि बसल्या जागेवरून अंगण दिसेल.

ग्रासहॉपरमध्ये उभारणी

रायनोत युनिट मिलिमीटर आहे ना, ते आधी बघा. मग ग्रासहॉपर उघडून एका कडेला सगळे नंबर स्लायडर (सरकवून आकडा बदलायच्या पट्ट्या) एकत्र मांडा: पट्ट्यांची संख्या १३, अंतर १००, पहिली उंची ९००, नजरेची उंची १२००, किमान कल १०, कमाल कल ४५, प्रोफाईल कोन २६.२, प्लायची जाडी, खाचेची सूट ०.३, जादा रुंदी ५. प्रत्येकाला नाव द्या. नाव नसलेले पंधरा स्लायडर आठवड्यानं ज्याचे त्यालाही ओळखू येत नाहीत.

आता 'सिरीज' हा कंपोनंट (एक ठरावीक काम करणारा ठोकळा) घ्या. सुरुवात ९००, पायरी १००, संख्या १३. पट्ट्यांच्या उंची मिळाल्या, ९०० पासून २१०० पर्यंत. यातून नजरेची उंची वजा करा आणि 'अ‍ॅब्सोल्यूट' लावा. मिळालेलं अंतर 'रीमॅप नंबर्स'मध्ये द्या: मूळ पल्ला ० ते ५००, नवा पल्ला १० ते ४५. या कंपोनंटला दोन आउटपुट असतात. दुसरं, छाटलेलं आउटपुट घ्या. पहिलं घेतलंत तर पल्ल्याबाहेरचे आकडेही पुढे सरकत राहतात आणि सगळ्यात वरची, नजरेपासून ९०० मिमी दूर असलेली पट्टी ७३ अंशांवर जाऊन बसते.

मग 'एक्सप्रेशन' कंपोनंटमध्ये वरचं सूत्र लिहा. नवख्यांची सगळ्यात जास्त गाडी इथे अडते. ग्रासहॉपर कोन रेडियनमध्ये धरतं. अंशांत ३० दिलं तर त्याला ते ३० रेडियन समजतं आणि साइनचं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ देतं. रुंदी उणे येते किंवा भलतीच मोठी. म्हणून कल आणि प्रोफाईल कोन दोन्ही आधी 'रेडियन्स' कंपोनंटमधून पाठवा. एक्सप्रेशनच्या पुढे 'पॅनेल' जोडा आणि १२०० उंचीच्या पट्टीसमोर १५१.९ दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

या रुंदीत जादा ५ मिमी मिळवा आणि पूर्ण मिलिमीटरपर्यंत वर न्या. प्लाय कापताना, बसवताना थोडं इकडेतिकडे होणारच, त्याची ही तजवीज. १३ पट्ट्यांची यादी अशी येते: १०० मिमीच्या पाच, १०५ ची एक, ११२ च्या दोन, १२२ च्या दोन, १३७ च्या दोन, १५७ ची एक.

पट्टीचा छेद काढायला भिंतीला काटकोनात असणाऱ्या उभ्या पातळीवर त्या-त्या उंचीला एक प्लेन ठेवा, ते पट्टीच्या कलाइतकं फिरवा, आणि त्यावर 'रेक्टँगल' काढा: एका दिशेला ० ते रुंदी, दुसऱ्या दिशेला उणे अर्धी जाडी ते अधिक अर्धी जाडी. मग १८०० मिमी 'एक्सट्रूड'. खिडकी १७०० ची असताना पट्टी १८०० ची का? कारण पाच वाजता सूर्य बरोबर पश्चिमेला नसतो, सुमारे १२ अंश उत्तरेकडे असतो. १५७ मिमी रुंदीच्या पट्टीवर ऊन बाजूनं ३० मिमीच्या वर आत सरकतं. दोन्हीकडे ५० मिमी जादा असलं की ते झाकलं जातं.

फिरवण्याची दिशा तपासा. कल उलटा लागला तर बाहेरची कड वर जाते. थ्रीडीत ते नजरेला पटकन कळत नाही, बाजूच्या व्ह्यूमध्ये लगेच कळतं. त्याच व्ह्यूमध्ये २६.२ अंशांची एक तिरकी रेघ ओढून ती पट्ट्यांवरून सरकवा. कुठेही ती आरपार जाता कामा नये.

रिब आणि खाचा

पट्ट्या धरायला तीन उभ्या रिब: दोन टोकांना, एक मध्ये. मधली रिब नको म्हणू नका. १८ मिमीची पट्टी १७००-१८०० मिमीवर सुटी राहिली तर दोन उन्हाळ्यांत मध्ये वाकते. रिब १३५० मिमी उंच आणि २०० मिमी रुंद. रिबची पातळी पट्टीच्या लांबीला काटकोनात असल्यामुळे खाच म्हणजे नुसता तिरका आयत. ती साध्या तीन-अक्षी राऊटरवर कापली जाते, महागडं यंत्र लागत नाही.

खाच कुठून उघडी ठेवायची? सरळ वाटतं ते पुढून, बाहेरून पट्टी सरकवायची. पण आपल्या पट्टीची बाहेरची कड खाली आहे. पुढून उघडी खाच म्हणजे उतारावर उघडं दार, स्क्रू ढिला झाला की पट्टी सरकून खाली पडेल. म्हणून खाच मागून, खिडकीच्या बाजूनं उघडी ठेवा. पट्टी मागून घातली की स्वतःच्या वजनानं पुढच्या बंद टोकाला टेकून बसते. सगळ्या बसल्यावर मागून २५ × ३ मिमीची एमएस (लोखंडी) पट्टी स्क्रूनं मारली की काम पक्कं.

खाचेचा आयत पट्टीच्या छेदाचाच घ्या, फक्त जाडीत ०.३ सूट मिळवा आणि मागच्या बाजूला १०-१५ मिमी बाहेर वाढवा, म्हणजे ती नक्की उघडी कापली जाईल. रिबच्या बाहेरच्या आकारातून हे १३ आयत 'रीजन डिफरन्स'नं वजा करा. बाहेरचा आकार आणि आयत एकाच पातळीत नसतील तर काहीच वजा होत नाही. तिन्ही रिब सारख्याच आहेत, एकच काढा आणि कॉपी करा. तिघींसाठी वेगवेगळी डेटा ट्री (ग्रासहॉपरमधली याद्यांची फांद्यांसारखी मांडणी) जुळवत बसू नका, सुरुवातीला त्यात वेळ फुकट जातो.

आता कोपरे. ६ मिमीचा बिट आतला कोपरा काटकोनात कापूच शकत नाही, ३ मिमी त्रिज्येची गोलाई राहते. पट्टीची धारदार कड तिथे अडते आणि पट्टी दोन-तीन मिमी बाहेर राहते. उपाय म्हणजे डॉगबोन: खाचेच्या बंद टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांवर ३.१ मिमी त्रिज्येचं छोटं वर्तुळ, ज्याचा परीघ बरोबर कोपऱ्यातून जातो. वर्तुळाचा मध्य दोन्ही कडांपासून २.२ मिमी आत ठेवला की हे जमतं. त्रिज्येला स्वतंत्र स्लायडर द्या. कारखान्यात ६ चा बिट तुटलेला असतो आणि ८ चा लावला जातो, तेव्हा हा एक स्लायडर आणि त्यावरून निघणारा मध्य बदलला की झालं.

जमत असेल तर रिबची पुढची कड सरळ ठेवण्याऐवजी पट्ट्यांच्या टोकांपासून ४५ मिमी बाहेरून जाणारी वक्र करा. बाजूनं बघितलं तर नजरेच्या उंचीला पुढे आलेली आणि वर मागे गेलेली अशी एक रेघ दिसते. हा डौल उन्हाच्या गणितातून आलेला आहे, वरून चिकटवलेला नाही.

१:६ चा नमुना

थेट प्लायवर जाऊ नका. १८ मिमीला ६ नं भागलं की ३ मिमी, म्हणजे लेझरवर कापायच्या एमडीएफची जाडी. सगळं सहापट लहान: रिब २२५ मिमी उंच, पट्टी ३०० मिमी लांब. एका मोठ्या कागदाएवढ्या शीटमध्ये मावतं.

लेझरवर एक उलटी गोष्ट आहे. लेझर रेषेच्या दोन्ही बाजूंनी थोडा माल जाळतो, ३ मिमी एमडीएफवर साधारण ०.१५ ते ०.२ मिमी, त्यामुळे काढलेल्या खाचेपेक्षा कापलेली खाच मोठी होते. म्हणजे रेखाटनात खाच जाडीपेक्षा लहान काढायची. राऊटरवर बिटाची त्रिज्या मशीनचं सॉफ्टवेअर सांभाळतं, म्हणून तिथे खाच जाडीपेक्षा मोठी काढायची. लेझरची फाईल तशीच राऊटरला दिली तर पट्टी खाचेत शिरत नाही.

नमुना तयार झाला की तो पश्चिमेच्या सिलवर ठेवा आणि पाच वाजता बघा. उन्हाचा कोन लहान नमुन्यालाही तोच असतो, त्यामुळे मेच्या मध्यावर ही तपासणी अगदी खरी ठरते. दुसऱ्या महिन्यात काम करत असाल तर त्या तारखेचा कोन लेडीबगवर काढा, २६.२ अंश कधी येतो ती वेळ शोधा आणि त्या मिनिटाला बघा. मागे पांढरा कागद लावा, त्यावर उन्हाची एकही बारीक रेघ दिसू नये.

कारखान्यात द्यायची फाईल

पट्ट्या सरळ आयत आहेत, त्यांना सीएनसीची गरज नाही. ज्या फर्निचरवाल्याकडे पॅनेल सॉ आहे त्याला कटिंग लिस्ट द्या, तो त्या पटापट आणि स्वस्तात कापून देईल. सीएनसीचा पैसा फक्त तीन रिबवर खर्च करा. 'डिजिटल' करायचंय म्हणून सगळंच राऊटरवर टाकणं हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे.

पहिल्या शीटमधून रुंद नऊ पट्ट्या निघतात: १५७, दोन १३७, दोन १२२, दोन ११२, १०५ आणि एक १००. ब्लेडची ४ मिमी जागा धरून साधारण ११४० मिमी. दुसऱ्या शीटमधून १०० च्या उरलेल्या चार, आणि राहिलेल्या सुमारे ८०० मिमीत तिन्ही रिब, प्रत्येकीमध्ये १२ मिमी अंतर ठेवून. पट्टीची लांबी शीटच्या २४४० च्या दिशेनंच घ्या, वरच्या व्हिनिअरचे धागे त्या दिशेनं असतात आणि आडव्या कापलेल्या पट्ट्या लवकर वाकतात.

ग्रासहॉपरमधली रिब खऱ्या रेषा म्हणून रायनोत आणायला 'बेक' करावं लागतं. बेक केलेल्या रेषा त्यानंतर बदलत नाहीत, तुम्ही स्लायडर कितीही हलवा. जुनी बेक कारखान्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक बेकला वेगळा लेयर करा आणि फाईलच्या नावात तारीख आणि मोजलेली जाडी घाला.

डीएक्सएफ (मशीनला द्यायची रेखाटनाची फाईल) देताना प्रत्येक रिब एकच बंद पॉलीलाईन (सलग जोडलेली रेषा) असावी. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत किंवा गावातल्या देवघर-दरवाजे कोरणाऱ्या दुकानात पहिला प्रश्न हाच येतो, "भाऊ, लाईन क्लोज आहे ना?" उघडी रेषा असली की बिट आतून जायचा की बाहेरून हे मशीनला कळत नाही. वक्र कड स्प्लाईन (मुक्त वक्र रेषा) असेल तर ती आर्क किंवा पॉलीलाईनमध्ये बदला, जुन्या कंट्रोलरवर स्प्लाईन हजारो तुकड्यांत फुटते आणि मशीन झटके खात चालतं. एकाच्या वर एक पडलेल्या दुहेरी रेषा काढून टाका, नाहीतर तीच जागा दोनदा कापली जाते. शेवटी कोपऱ्यात १०० × १०० मिमीचा एक चौकोन वेगळ्या लेयरवर ठेवा आणि कटिंगआधी ऑपरेटरला स्क्रीनवर तो मोजायला सांगा. इंच आणि मिमीचा घोळ तिथेच पकडला जातो.

कटिंग

आधी चाचणीचा कंगवा कापा: त्याच शीटच्या तुकड्यावर १७.८, १८.०, १८.२, १८.४, १८.६ अशा पाच खाचा. पट्टीला जो रंग लावणार तो आधी एका तुकड्यावर लावून वाळवा आणि रंगलेला तुकडा खाचांत घालून बघा. प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही बाजू मिळून पाव मिलिमीटरपर्यंत जाडी वाढवतात. हातानं दाबून जाते पण खडखडत नाही ती खाच बरोबर. तो आकडा स्लायडरमध्ये घाला, पुन्हा बेक करा, मग खरी शीट लावा.

६ मिमीच्या दोन धारांच्या कार्बाईड बिटाला प्लायवर १८,००० आरपीएम आणि मिनिटाला ३,००० ते ३,६०० मिमी वेग चांगला चालतो. तीन पासमध्ये, एका वेळी सुमारे ६ मिमी. शेवटचा पास जाडीपेक्षा ०.३ मिमी खोल, म्हणजे शीटखाली ठेवलेल्या टाकाऊ फळीत किंचित घुसेल. फार हळू चालवलं तर बिट कापण्याऐवजी घासतो, प्लाय काळी पडते आणि जळका वास येतो. अशा वेळी वेग कमी करणं चुकीचं, तो वाढवायचा असतो. वरचा थर उसवत असेल तर कॉम्प्रेशन बिट (वरचा आणि खालचा थर आत दाबत कापणारा) मागा. रिब सुटून उडू नये म्हणून ८ मिमी लांब, ३ मिमी जाड टॅब (न कापलेले जोड) ठेवा, रिबमागे सहा तरी.

आपल्याकडे उन्हाळ्यात वीज जाते हे धरून चाला. तीन रिबचं काम एका फाईलमध्ये न देता प्रत्येकीची वेगळी फाईल द्या, आणि शून्य बिंदूची जागा शीटवर पेन्सिलनं खूण करून ठेवा. वीज गेली तर एकच रिब अर्धवट राहते आणि बिट पुन्हा त्याच जागी आणता येतो.

जोडणी आणि बसवणं

सगळ्या कडांना, खाचांच्या आतही, प्रायमरचे दोन हात. प्लाय पाणी पिते ती कडेतून. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. खाली फरशीवर तिन्ही रिब आडव्या ठेवून, मागची बाजू वर करून पट्ट्या घाला. नंबर आधीच टाकून ठेवलेत तर कुठली कुठे हा गोंधळ होत नाही, खालून वर १ ते १३. एमएस पट्टी मारण्याआधी तिला रेड ऑक्साईड लावा.

पूर्ण लूव्हरचं वजन ४० ते ४५ किलो भरतं. उचलायला तिघं लागतात. रिबच्या वरच्या टोकाला अँगल लावून तो छज्जाच्या किंवा लिंटेलच्या काँक्रीटमध्ये १० मिमीच्या अँकर फास्टनरनं पकडा, खाली सिलजवळ दुसरे अँगल. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीला अँकर धरत नाही. तिथे आरपार बोल्ट घेऊन आतल्या बाजूनं मोठी प्लेट द्यावी लागते. मे-जूनच्या ज्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तेच वारं या पट्ट्यांनाही लागणार आहे. अँकरवर कंजूषी नको.

प्लायऐवजी ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी शीट वापरायची असेल तर उष्णतेनं वाढणारी लांबी धरा. हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या तापलेल्या दुपारपर्यंत ५५ अंशांचा फरक घेतला तर १८०० मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी २.३ मिमी वाढते, पीव्हीसीची ६ मिमीच्या आसपास. ती एका टोकाला पक्की करा, बाकीची भोकं लांबट ठेवा. दोन्ही टोकं आवळली तर पट्टी कमानीसारखी फुगते.

दुसऱ्या खिडकीला

हीच फाईल दुसऱ्या भिंतीला लावताना नवीन काही काढायचं नाही. समजा भिंत पश्चिमेपासून २० अंश दक्षिणेकडे वळलेली आहे. पाच वाजता सूर्याची दिशा आणि भिंत यांत सुमारे ३२ अंशांचा फरक येतो, प्रोफाईल कोन २९.६ होतो आणि १० अंशांच्या पट्टीची रुंदी जादा ५ धरून १४२ वर उतरते. माल वाचतो, पण ऊन बाजूनं जास्त तिरकं येतं, सुमारे ८८ मिमी. म्हणून उत्तरेकडच्या टोकाला पट्टी ५० ऐवजी १०० मिमी बाहेर काढा. त्यासाठी पट्टीच्या लांबीला सुरुवातीपासून दोन वेगळे स्लायडर ठेवा, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा.